दुखणे खरे की खोटे? : मज्जारज्जूतील एका निरोप्याची हकीकत

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस पाचारण केले, तेव्हा आम्ही बोनस, कंत्राटी पद्धत किंवा कामगार कायदा यांपैकी एखादा विषय घेऊ अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे आमचे आयुष्य त्याच गोष्टींत गेले आहे. परंतु आम्ही विषय मागून घेतला तो पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा, आणि दुखण्याचा निरोप तेथून मेंदूकडे कसा जातो याचा. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते नगर वाचनालयात शब्दकोश शेजारी ठेवून, आणि ज्यांना कळते त्यांना न लाजता विचारून. तेव्हा येथे जे सांगू ते आम्हांला समजले तेवढेच, आणि ज्या क्रमाने समजले त्याच क्रमाने सांगू.

हा विषय आमच्या मागे का लागला, ते आधी सांगितले पाहिजे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या युनियनचा एक सभासद पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर काम करीत होता. एके दिवशी दुसऱ्या पाळीत त्याच्या उजव्या हाताची तर्जनी प्रेसखाली सापडली आणि मुळापासून गेली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची शक्ती किती टक्के गेली असे समजावयाचे, याची त्यात यादी होती. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी संपूर्ण गेली तर १४ टक्के. त्या हिशेबाने पैसे मिळाले आणि प्रकरण मिटले असे आम्ही समजलो.

पण त्याचे प्रकरण मिटले नव्हते. जखम भरली, टाके निघाले, कातडी कोरडी झाली. तरी सहा महिन्यांनंतरही तो म्हणे की हाताची आग होते, सदऱ्याची बाही नुसती लागली तरी विस्तवात हात घातल्यासारखे होते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी हात उलटापालटा करून पाहिला, क्ष-किरण चित्र पाहिले, आणि लिहून दिले की जखम पूर्ण बरी आहे, दुखण्यास कारण दिसत नाही, काम टाळण्याकडे कल दिसतो. तो कागद घेऊन तो आमच्याकडे आला. आम्ही काय केले? आम्हीही त्याला सांगितले, "जरा मन घट्ट कर, सारखा त्याचाच विचार करू नकोस." परिशिष्टात हाताचे बोट होते, हाताची आग नव्हती. जे यादीत नाही त्यासाठी भांडावे कसे, हे आम्हांला ठाऊक नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर आमचाही त्याच्यावर पुरता विश्वास नव्हता. दोन वर्षांनी त्याने राजीनामा दिला आणि तो गावी गेला.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका लग्नात त्याची गाठ पडली. उजवा हात त्याने मऊ धोतराच्या चिंधीत गुंडाळून ठेवला होता. जेवून उठताना तो म्हणाला, "भाऊ, तेव्हा तुम्हीपण मला खोटाच धरलात ना?" आम्हांला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यासाठी आम्ही जे वाचले त्याचा हा गोषवारा आहे.

दुखणे शरीरात कोणत्या वाटेने जाते ते प्रथम पाहू. आपल्या कातडीत, स्नायूंत आणि सांध्यांत अतिशय बारीक ज्ञानतंतूंची टोके पसरलेली आहेत. त्यांतील काही टोके फक्त इजेची दखल घेतात. चटका, चिरडणे, तीक्ष्ण टोचणे, आंबलेल्या किंवा सुजलेल्या भागात तयार होणारी रसायने, यांनी ती जागी होतात. या तंतूंच्या मुख्य जाती दोन. एका जातीच्या तंतूंवर पातळ आवरण असते आणि त्यांतून निरोप सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर वेगाने धावतो. दुसऱ्या जातीला, जिला 'सी' तंतू म्हणतात, तसले आवरण नसते. तिचा वेग सेकंदाला एक-दोन मीटरच. उंबऱ्याला पायाचे बोट ठेचकाळले म्हणजे आधी चटकन एक कळ येते आणि क्षणभराने मागून जळजळ चढत येते, हा अनुभव सर्वांना आहे. पहिली कळ आवरणवाल्या तंतूंची, मागची जळजळ 'सी' तंतूंची. पायापासून कण्यापर्यंतचे एक मीटर अंतर चालून यावयास तिला सुमारे एक सेकंद लागतो.

हे तंतू थेट मेंदूत जात नाहीत. कण्याच्या मणक्यांलगत दोन्ही बाजूंना लहान गाठी असतात, त्यांत या तंतूंच्या पेशींचे मूळ घर आहे. प्रत्येक पेशीचा एक फाटा कातडीकडे आणि दुसरा मज्जारज्जूकडे जातो. मज्जारज्जू आडवा कापला तर मध्ये करड्या रंगाची फुलपाखरासारखी आकृती दिसते. तिच्या पाठीकडील दोन टोकांना पश्चशृंग म्हणतात. दुखण्याचा तंतू या पश्चशृंगाच्या वरच्या पातळ थरांत येऊन संपतो. तेथे दुसरी पेशी त्याची वाट पाहत असते. ती पुढे मेंदूकडे निरोप नेते. दोन पेशींमध्ये एक सूक्ष्म फट असते. विजेसारखा आलेला निरोप ती फट ओलांडीत नाही. पहिली पेशी फटीत रसायन सोडते, आणि ते दुसऱ्या पेशीवरील ठरावीक जागी जाऊन बसते. त्या जागेला ग्राहक म्हणतात. आमच्या सभासदाचे दुखणे समजावयाचे तर या फटीत काय घडते ते समजावयास हवे.

या फटीत वावरणाऱ्या ज्या एका रसायनाची ही हकीकत आहे, त्याचा शोध दुखण्याच्या अभ्यासातून लागला नाही. १९३१ साली लंडन येथे सर हेन्री डेल यांच्या प्रयोगशाळेत उल्फ फॉन ऑयलर हा पंचविशीतला स्वीडिश तरुण आणि जॉन गॅडम हे इंग्रज शास्त्रज्ञ काम करीत होते. घोड्याच्या आतड्याचा आणि मेंदूचा अर्क काढून ते त्याचे परिणाम पाहत होते. त्या अर्काने सशाचा रक्तदाब उतरे आणि त्याचे आतडे आकुंचन पावे. त्या वेळी माहीत असलेल्या कोणत्याही द्रव्याशी हे गुण जुळेनात. अर्क वाळवून केलेल्या पुडीची खूण म्हणून 'पी' हे अक्षर वापरीत. तेच नाव कायम झाले, आणि त्या द्रव्याला 'सबस्टन्स पी' म्हणू लागले. आम्ही त्याला 'पी' द्रव्य म्हणू. फॉन ऑयलर यांना पुढे १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते वेगळ्या कामाबद्दल.

१९५३ साली ऑस्ट्रियाचे फ्रेड लेम्बेक यांनी एक साधी पण महत्त्वाची गोष्ट दाखविली. कण्यातून प्रत्येक बाजूस तंतूंची दोन मुळे निघतात. पाठीकडच्या मुळातून संवेदना आत येते आणि पोटाकडच्या मुळातून स्नायूंना हुकूम बाहेर जातो. लेम्बेक यांना 'पी' द्रव्य पाठीकडच्या मुळांत पुष्कळ आणि पोटाकडच्या मुळांत फार थोडे सापडले. त्यावरून त्यांनी तर्क केला की हे द्रव्य संवेदनेचा निरोप्या असले पाहिजे. तर्क चांगला होता, परंतु द्रव्य कशाचे बनले आहे हेच कोणाला माहीत नव्हते. शुद्ध द्रव्य हाती नसता त्याची परीक्षा करणार कशी?

ती अडचण अमेरिकेत सुसान लीमन या बाईंनी दूर केली, आणि तीही दुसरेच काही शोधताना. मेंदूच्या तळाशी ताणाच्या वेळी सुटणारा एक संप्रेरक असावा, त्याच्या मागे त्या होत्या. गाईबैलांच्या मेंदूतून काढलेला एक अंश उंदरांना टोचला, तर उंदरांच्या तोंडातून लाळ गळू लागली. लाळेचा आणि त्या संप्रेरकाचा संबंध नव्हता. दुसऱ्या कोणी तो अंश टाकून दिला असता. बाईंनी तो टाकला नाही. लाळ सुटते की नाही याच खुणेने त्यांनी तो शुद्ध करीत नेला. ते 'पी' द्रव्यच निघाले. १९७१ साली त्याची रचना जाहीर झाली. ११ अमिनो आम्लांची ती एक छोटी साखळी आहे. पुडीवर नाव पडल्यापासून साखळीचे दुवे मोजले जाईपर्यंत चाळीस वर्षे लोटली. मज्जापेशी निरोपासाठी वापरतात त्या अशा लहान प्रथिन-साखळ्यांना न्यूरोपेप्टाइड असे म्हणतात.

शुद्ध द्रव्य मिळताच काम झपाट्याने पुढे गेले. तोकियोमध्ये मासानोरी ओत्सुका आणि त्यांचे सहकारी यांनी ते द्रव्य मज्जारज्जूतील पेशींना उद्दीपित करते हे दाखविले. स्टॉकहोममध्ये टोमास होकफेल्ट यांच्या गटाने ते नेमक्या कोणत्या तंतूंत आहे हे १९७० च्या दशकाच्या मध्यास सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले. कण्यालगतच्या गाठींतील लहान पेशी, आणि पश्चशृंगाच्या वरच्या थरांतील त्यांची टोके, म्हणजे दुखण्याची जी वाट वर सांगितली तीच. लेम्बेक यांचा तर्क खरा ठरला.

आता मूळ प्रश्न असा की, हे द्रव्य तेथे करते काय? याचे उत्तर आम्हांला नीट कळावयास बराच काळ लागला, कारण आमची समजूत अशी झाली होती की 'पी' द्रव्य म्हणजेच दुखण्याचा निरोप. तसे नाही. साध्या, रोजच्या दुखण्याचा जलद निरोप ग्लुटामेट नावाचे दुसरे रसायन नेते. तंतूच्या टोकात ग्लुटामेट लहान लहान पिशव्यांत भरलेले असते. निरोप येताच ते फटीत सुटते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावे इतक्या वेळात आपले काम आटोपते. 'पी' द्रव्य निराळ्या, मोठ्या पिशव्यांत असते. ते टोकाशी तयार होत नाही. कण्यालगतच्या गाठीत एका मोठ्या प्रथिनातून कापून काढले जाते आणि तंतूच्या आतून वाहून टोकापर्यंत आणले जाते. एखाददुसऱ्या हलक्या टोचणीने ते फारसे बाहेर पडत नाही. इजा जबर असली, किंवा तंतू एकसारखा ओरडत राहिला, म्हणजे ते सुटते. त्याचा परिणाम सावकाश चढतो आणि कित्येक सेकंद, कधी मिनिटे, टिकतो. शिवाय ते ज्या फटीत सुटले तेथेच थांबत नाही. पाझरत आसपासच्या पेशींपर्यंत जाते.

युनियनच्या कचेरीत वावरलेल्या माणसाला हे असे समजते : ग्लुटामेट ही तोंडी तक्रार. ती ऐकली, नोंदली, संपली. 'पी' द्रव्य आले म्हणजे वारंवार तक्रार होत आहे, हा विषय निकडीचा समजावा, असा शेरा त्या कागदावर पडतो, आणि मग त्यानंतरची लहानशी तक्रारही मोठ्या आवाजात वाचली जाते.

पेशीच्या भाषेत हा शेरा कसा पडतो तेही पाहू. 'पी' द्रव्याच्या ग्राहकाला एनके-१ असे नाव आहे. द्रव्य त्यावर बसले की पेशीच्या आत एकामागून एक रासायनिक क्रिया सुरू होतात आणि आतील कॅल्शियम वाढते. त्याच पेशीवर ग्लुटामेटचा एक विशेष ग्राहक असतो, एनएमडीए या नावाचा. एरवी मॅग्नेशियमचे बूच बसून तो बंद असतो. पेशी पुरेशी आणि पुरेसा वेळ उद्दीपित राहिली तरच ते बूच निघते. 'पी' द्रव्याने आणलेले सावकाश उद्दीपन हेच घडवून आणण्यास मदत करते. बूच निघाले की तेवढ्याच ग्लुटामेटने पेशी पूर्वीपेक्षा जोराने पेटते. लॉर्न मेंडेल यांनी १९६६ साली दाखविले होते की, 'सी' तंतूंना एकाच जोराचे झटके थोड्याथोड्या अंतराने देत गेले तर मज्जारज्जूतील पेशीचे उत्तर प्रत्येक झटक्यास वाढत जाते. झटका तोच, उत्तर मोठे. १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी त्याच्या पुढची गोष्ट दाखविली. इजा झाल्यानंतर वाढलेली ही संवेदनक्षमता खुद्द मज्जारज्जूत घर करते, आणि मग जेथे इजा नाही तेथला हलका स्पर्शही दुखू लागतो.

बाहीच्या कापडाने आग होते असे जो म्हणत होता, त्याची आठवण हे वाचताना आम्हांला झाली. डॉक्टर हात पाहत होते. बिघाडाचा निदान काही भाग हाताच्या वर, कण्यात असू शकतो, आणि तो क्ष-किरण चित्रात दिसत नाही.

'पी' द्रव्याचा या वाढीशी खरोखर संबंध आहे का, याची परीक्षा १९९० च्या दशकात झाली. १९९७ साली अमेरिकेत पॅट्रिक मँटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. साबणी नावाच्या वनस्पतीपासून सॅपोरिन हे विष मिळते. ते त्यांनी 'पी' द्रव्याला जोडले आणि उंदरांच्या मज्जारज्जूजवळ सोडले. ज्या पेशींवर 'पी'चा ग्राहक होता, त्यांनीच ते आत घेतले आणि त्या मेल्या. या उंदरांना साधे चटके पूर्वीसारखेच कळत. परंतु इजेनंतर जे दुखणे भडकते, ते फार कमी झाले. पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये, ज्यांच्यात 'पी' द्रव्य किंवा त्याचा ग्राहक जन्मतःच नाही अशा उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांनाही सौम्य दुखणे कळत होते. तीव्र दुखण्याची प्रतिक्रिया मात्र मंदावली होती, आणि ग्राहक नसलेल्यांत झटक्यांगणिक चढणारे उत्तर दिसेनासे झाले होते. म्हणजे हे द्रव्य दुखणे निर्माण करण्यापेक्षा त्याचा जोर ठरविण्यात भाग घेते.

आमच्या घरातील एका पदार्थाचा येथे जवळचा संबंध येतो. मिरची हिंदुस्थानात सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली. त्याआधी आपला तिखटपणा मिऱ्यांचा होता. मिरचीतील तिखट अंशाला कॅप्सेसिन म्हणतात. तो नेमका 'सी' तंतूंना जागे करतो. १९९७ साली कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने कॅप्सेसिनचा ग्राहक शोधला, आणि असे दिसले की सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेनेही तोच ग्राहक उघडतो. मिरचीने 'आग' होते हे आपले बोलणे अक्षरशः खरे आहे. या कामाबद्दल ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळाले. कॅप्सेसिनने तंतू जागा झाला की त्याच्या कण्याकडील टोकातून 'पी' द्रव्य सुटते. आणि कातडीकडील टोकातूनही सुटते, त्यामुळे रक्तवाहिन्या फुगून तेथे लाली आणि सूज येते.

नंदुरबारकडे मिरचीच्या पथारीवर दिवसभर देठ खुडणाऱ्या बाया, किंवा गावोगावी कांडपावर मिरची कुटणाऱ्या बाया यांच्या हातांची संध्याकाळी काय अवस्था होते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगावयास नको. पाण्याने ती आग जात नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरत नाही; ते तेलातुपात विरते. बाया हाताला तेल चोळतात ते शास्त्राला धरूनच आहे. मात्र हातमोजे देणे हे त्याहून सोपे आहे, आणि ते मालकाचे काम आहे.

याच मिरचीची दुसरी बाजू हंगेरीतील सेगेड येथे मिक्लोश यांचो यांनी पाहिली. कॅप्सेसिन पुन्हा पुन्हा दिले तर प्राणी त्या दुखण्यास बधिर होतो. त्यावरून आज ज्ञानतंतूंच्या काही चिवट दुखण्यांवर कॅप्सेसिनचे मलम आणि पट्टी वापरतात. तंतूंतील 'पी' द्रव्याचा साठा रिकामा होतो म्हणून हा गुण येतो, असे पूर्वी सांगत. आता असे दिसते की तंतूंची टोकेच काही काळ निकामी होऊन मागे हटतात. हा उपचार डॉक्टरांच्या हातून व्हावयाचा आहे. घरातील तिखट लावून कोणी प्रयोग करू नये.

निरोप वाढविणारी व्यवस्था शरीरात आहे, तशी तो आवरणारीही आहे. पोर पडले म्हणजे आई गुडघा चोळते आणि पोर गप्प होते. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी याला शास्त्रीय रूप दिले. चोळण्याचा स्पर्श जाड तंतूंनी पश्चशृंगात येतो आणि दुखण्याच्या निरोपाला फाटकाशीच अडवतो, असे त्यांचे म्हणणे. तपशील पुढे बदलले, पण मज्जारज्जूत फाटक आहे ही कल्पना टिकली. १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलित्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन ही द्रव्ये वेगळी केली. तीही न्यूरोपेप्टाइडच आहेत, पाच-पाच अमिनो आम्लांची, आणि त्यांचे काम अफूतील मॉर्फिनसारखे आहे. पश्चशृंगातील काही लहान पेशी ही द्रव्ये सोडतात. १९७७ साली केंब्रिज येथे थॉमस जेसेल आणि लेस्ली आयव्हर्सन यांनी उंदराच्या मेंदूतील, चेहऱ्याच्या दुखण्याचे निरोप जेथे येतात त्या भागाचे तुकडे घेऊन दाखविले की, मॉर्फिनच्या जातीची औषधे 'पी' द्रव्य सुटणे कमी करतात. मॉर्फिन दुखणे का थांबविते याचे एक कारण येथे सापडले. निरोप्या फाटकातून बाहेरच पडत नाही.

मेंदूकडूनही खाली हुकूम येतात आणि ते हे फाटक बंद किंवा उघडे करतात. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांनी जबर जखमी झालेल्या २१५ सैनिकांची विचारपूस केली. त्यांच्या १९४६ च्या निबंधानुसार सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांना दुखणे थांबविणारे औषध मागण्याइतके दुखत नव्हते. युद्धातून जिवंत सुटलो, आता घरी जाणार, हा विचार त्यांच्या मनात होता. आमच्या कामगाराच्या मनात याच्या उलट होते. हात गेला, नोकरी जाईल, आणि वर लोक खोटारडा म्हणतात. मनाचा दुखण्यावर परिणाम होतो असे म्हटले की पुष्कळांना वाटते, मग ते दुखणे काल्पनिक. पण मेंदूचा हुकूम मज्जारज्जूत उतरतो तो रसायनांच्या द्वारेच. भीतीने वाढलेले दुखणे हेही खरेच दुखणे असते.

येथवर ऐकून कोणी विचारील, 'पी' द्रव्य इतके कळले, तर ते अडविणारे औषध निघाले असेल! आम्हीही हाच प्रश्न एका तरुण डॉक्टरांना मोठ्या आशेने विचारला होता. उत्तर निराशेचे आहे. १९९० च्या दशकात मोठमोठ्या औषध कंपन्यांनी एनके-१ ग्राहक बंद करणारी औषधे तयार केली. प्राण्यांत ती उपयोगी दिसली; माणसांच्या दुखण्यावर ती अपेशी ठरली. दुखण्याच्या वाटेवर एकाच वेळी अनेक निरोपे काम करतात, आणि एकाला अडविले तर बाकीचे ते काम निभावून नेतात, असा त्याचा एक अर्थ लावतात. उंदराचे प्रतिक्षेप आणि माणसाचे महिनोन्महिने चालणारे दुखणे या गोष्टी सारख्या नाहीत, हाही एक. ती मेहनत मात्र सर्वस्वी वाया गेली नाही. 'पी' द्रव्य मेंदूतील वांतीच्या यंत्रणेतही काम करते, म्हणून त्याच जातीचे ॲप्रेपिटंट हे औषध कर्करोगावरील औषधांनी होणाऱ्या वांत्यांवर २००३ पासून अमेरिकेत वापरात आले, आणि त्याने पुष्कळ रोग्यांचे हाल कमी झाले.

दुसरी निराशा आमच्या धंद्यातली. आम्हांला वाटले होते की, रक्त तपासून 'पी' द्रव्य मोजता येईल, आणि तो आकडा न्यायाधिकरणापुढे ठेवून सांगता येईल की पाहा, याचे दुखणे इतके टक्के खरे आहे. तसे करता येत नाही. दुखणे मोजणारी सुई अजून निघालेली नाही. मग आम्ही हे सर्व कशासाठी शिकलो?

एवढ्यासाठी की, 'जखम भरली म्हणजे दुखणे संपले पाहिजे' या वाक्यावर आता आम्ही गप्प बसणार नाही. जखम भरल्यावरही मज्जारज्जूतील पेशी चढलेल्याच राहू शकतात, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली दुखण्याची व्याख्या सुधारली, तेव्हा तिला जोडलेल्या टिपांत स्पष्ट म्हटले की, एखादा मनुष्य दुखते असे सांगत असेल तर त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. याचा अर्थ प्रत्येक दावा डोळे मिटून मान्य करावा असा नाही. तपासणी व्हावी, पुन्हा व्हावी, ज्ञानतंतूंच्या दुखण्याची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून व्हावी. परंतु 'कारण दिसत नाही' आणि 'कारण नाही' या दोन वाक्यांतील फरक तपासणाऱ्याने लक्षात ठेवावा.

कामगार बंधुभगिनींनाही दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. दुखणे महिनोन्महिने अंगावर काढण्यात मर्दुमकी नाही. एकसारखा ओरडणारा तंतू मज्जारज्जूला चढवीत नेतो, म्हणून उपचार लवकर सुरू झालेला बरा. दुकानातून गोळ्या आणून वर्षानुवर्षे गिळणे हा उपचार नव्हे. त्याने मूत्रपिंडे आणि पोट बिघडते. आणि दुखते म्हणून तो भाग कायमचा बांधून ठेवणेही पुष्कळदा हितकारक नसते. जाणकाराच्या देखरेखीखाली हळूहळू हालचाल करावी लागते.

शेवटी एक गोष्ट नगरवासीयांसाठी. मॉर्फिन ज्या अफूपासून होते तिची परवान्याने लागवड मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत होते. असे असूनही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे कर्करोगाने तळमळणाऱ्या रोग्यांना ते मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ साली कायदा दुरुस्त होऊन नियम सर्व राज्यांसाठी सारखे व सोपे झाले. ही दुरुस्ती आपोआप झाली नाही. डॉक्टरांनी आणि रोग्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या लोकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. आपल्या गावच्या इस्पितळात हे औषध आणि ते देण्याचे शिक्षण घेतलेला डॉक्टर आहे का, एवढी चौकशी आपण सर्वांनी करावयास हरकत नाही.

आमच्या त्या सभासदाला आम्ही गेल्या वर्षी पत्र लिहिले. त्यात हीच माहिती थोडक्यात दिली, जवळच्या शहरात ज्ञानतंतूंच्या दुखण्यावर उपचार कोठे होतात ते कळविले, आणि तेव्हा आम्ही चुकलो हेही लिहिले. त्याचे उत्तर आले ते पुतण्याच्या अक्षरात, कारण उजव्या हाताने त्याला अजून लिहिता येत नाही. उपचारासाठी यावयास तो तयार आहे. सोबत कोणीतरी यावे, डॉक्टरांपुढे एकट्याने बोलण्याची हिंमत आता होत नाही, एवढेच त्याने मागितले होते. आम्ही त्याच्याबरोबर जाणार आहोत.